टर्मिनल गप्प बसतो तेव्हा: सिरीयल आणि नेटवर्क जोडणीतला दोष शोधायचा क्रम

राउटर किंवा बोर्डसारख्या उपकरणाला संगणकावरून आदेश द्यायला कन्सोल केबल लावली, पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडला, आणि समोर काळी स्क्रीन. कर्सर लुकलुकतोय, एंटर दाबून बोट दुखलं, तरी उत्तर नाही. इथून पुढे बहुतेकजण एकच चूक करतात. बॉड रेट, म्हणजे डेटा जाण्याचा वेग, बदलून बघतात, तेवढ्यात केबलही बदलतात, मग ड्रायव्हर पुन्हा टाकतात, शेवटी वेगळाच प्रोग्रॅम उतरवून घेतात. अर्ध्या तासात चार गोष्टी बदललेल्या असतात आणि त्यातली कुठली पहिल्यापासून बरोबर होती, हे सांगता येत नाही.

दोष खालून वर शोधायचा. आधी संगणकाला पोर्ट दिसतो का, मग तार, मग वेग, मग फ्लो कंट्रोल (समोरच्याला ‘थांब’ आणि ‘चल’ सांगायची सोय), आणि सगळ्यात शेवटी स्क्रीनवर अक्षरं कशी दिसतात ते. प्रत्येक पायरीवर हो किंवा नाही असं उत्तर देणारी चाचणी आहे. ती पार झाल्याशिवाय वर जायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नेटवर्कच्या जोडणीलाही हेच लागू आहे. तिच्या पायऱ्या पुढे वेगळ्या दिल्या आहेत.

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

उपकरणाचं मॅन्युअल उघडून सात गोष्टी कागदावर लिहा: कनेक्टर कोणता, व्होल्टेजची पातळी कोणती, बॉड रेट, डेटा बिट (एका अक्षराचे बिट किती), पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) आणि फ्लो कंट्रोल. आठवणीवर विसंबू नका. सिस्कोचे राउटर आणि स्विच सहसा ९६०० वर बोलतात, रास्पबेरी पायचा सिरीयल कन्सोल ११५२०० वर. त्यामुळे कालच्या उपकरणाचा वेग आजच्याला लागू पडेलच असं नाही. डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १ ही मांडणी जवळपास सगळीकडे चालते, म्हणून ती गृहीत धरून सुरुवात करता येते.

सोबत तीन वस्तू ठेवा: जंपर वायरचा छोटा तुकडा, साधा मल्टिमीटर, आणि दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणावर नक्की चाललेली अडॅप्टर-केबलची जोडी. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये लॉगिंगही आत्ताच चालू करा. उपकरण सुरू होताना एकदाच झळकून जाणारा संदेश नंतर लॉगमध्येच सापडतो.

सावधान: व्होल्टेजची पातळी जुळल्याशिवाय काहीही जोडू नका. खऱ्या आरएस-२३२ पोर्टवर (संगणकांच्या जुन्या सिरीयल पोर्टचं मानक) तार मोकळी असताना, म्हणजे डेटा जात नसताना, ग्राउंडच्या तुलनेत ऋण व्होल्टेज असतं. मानकानुसार उणे ३ ते उणे १५ व्होल्ट. छोट्या सर्किट बोर्डांवरच्या टीटीएल, म्हणजे चिपच्या स्वतःच्या व्होल्टेजवर चालणाऱ्या, पोर्टवर तीच मोकळी तार अधिक ३.३ किंवा अधिक ५ व्होल्टवर असते. आरएस-२३२ चा अडॅप्टर थेट ३.३ व्होल्टच्या बोर्डला लावला, तर बोर्डची चिप जळू शकते. ५ व्होल्टचा टीटीएल अडॅप्टरही त्या बोर्डला लावू नये.

मल्टिमीटरचा इथे दुहेरी फायदा आहे. काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब एकेका पिनला लावा. ठाम ऋण व्होल्टेज मिळालं तर पोर्ट आरएस-२३२ आहे. ग्राउंड, ट्रान्समिट आणि रिसीव्ह अशा तीनच तारा असतील, तर ज्या पिनवर ते मिळालं ती उपकरणाची ट्रान्समिट पिन, हेही त्याच वेळी कळतं. पिनांची नावं बोर्डवर छापलेली नसतात तेव्हा यानं खूप वेळ वाचतो. टीटीएल बोर्ड असेल तर अडॅप्टरची वीज देणारी तार जोडू नका. बोर्डला त्याची वीज वेगळी मिळत असेल, तर ग्राउंड, ट्रान्समिट आणि रिसीव्ह एवढ्या तीन तारा पुरतात.

## टप्पा २: संगणकाला पोर्ट दिसतो का

अजून उपकरण लावू नका. फक्त यूएसबी अडॅप्टर लावा.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘पोर्ट्स’चा गट पसरवा, अडॅप्टर काढा आणि परत लावा. जी नोंद गायब होऊन परत येते, तो तुमचा कॉम पोर्ट. हा क्रमांक कायमचा असतो असं समजू नका. तोच अडॅप्टर यूएसबीच्या दुसऱ्या खाचेत लावला की क्रमांक बदलू शकतो, आणि प्रोग्रॅममध्ये जतन केलेलं जुनं सेशन नसलेला पोर्ट उघडू पाहतं. नोंदीवर पिवळा त्रिकोण असेल तर दोष ड्रायव्हरचा. प्रॉलिफिकच्या चिपवर ‘कोड १०’ दिसला, तर चिप बनावट किंवा जुनी असण्याची शक्यता मोठी आहे, कारण नवा ड्रायव्हर अशा चिप नाकारतो. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा अडॅप्टर बदला.

लिनक्सवर अडॅप्टर लावताच कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) संदेशांचा शेवट बघा. तिथे टीटीवाय-यूएसबी-० किंवा टीटीवाय-एसीएम-० असं नाव आलं पाहिजे. नाव आलं, पण पोर्ट उघडताना परवानगी नाकारली, तर तुमचं खातं डेबियन आणि उबुंटूवर ‘डायलआउट’ गटात असावं लागतं. गटात घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा; नुसती नवी टर्मिनल विंडो उघडून भागत नाही. उबुंटू २२.०४ वर आणखी एक खोड आहे: ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय सेवा सीएच३४० चिपच्या अडॅप्टरला ब्रेल उपकरण समजून ताब्यात घेते. पोर्ट क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ती सेवा काढून टाकली की पोर्ट टिकतो.

मॅकवर एकाच अडॅप्टरची दोन नावं दिसतात, एक ‘टीटीवाय’नं सुरू होणारं आणि एक ‘सीयू’नं. ‘सीयू’ निवडा. ‘टीटीवाय’वालं नाव कॅरिअर सिग्नलची (पलीकडचा मोडेम जोडला गेल्याच्या खुणेची) वाट बघत अडकून राहू शकतं.

पोर्ट ‘वापरात आहे’ असा संदेश आला, तर दुसऱ्या प्रोग्रॅमनं तो धरलेला असतो. ‘स्क्रीन’ नावाच्या टर्मिनल प्रोग्रॅमची विंडो नुसती बंद केली, तर आतलं सेशन मागे जिवंत राहून पोर्ट अडवू शकतं. त्यातून बाहेर पडताना कंट्रोल-ए आणि मग के दाबा.

खात्री करा: पोर्ट काहीही तक्रार न करता उघडतो आणि त्याचं आत्ताचं नाव तुम्हाला नक्की माहीत आहे.

## टप्पा ३: लूपबॅक चाचणी

ही चाचणी दोन मिनिटांची आहे, तरी लोक ती टाळतात. ती केली असती तर निम्मी केबल बदलाबदली वाचली असती, असं मला दर वेळी वाटतं.

प्रोग्रॅममध्ये फ्लो कंट्रोल ‘काही नाही’ करा आणि लोकल एको (टाइप केलेलं प्रोग्रॅमनं स्वतःच स्क्रीनवर दाखवणं) बंद करा. नऊ पिनांच्या कनेक्टरच्या पिन २ आणि पिन ३ जंपर वायरनं जोडा. आता टाइप करा. तुम्ही पाठवलेलं अक्षर त्याच तारेनं परत येतं आणि स्क्रीनवर दिसतं.

मग जंपर काढा आणि परत टाइप करा. आता काहीही दिसता कामा नये. दिसलं तर लोकल एको चालूच आहे आणि आधीची चाचणी खोटी ठरली. हा दुसरा अर्धा भाग विसरणारे पुष्कळ आहेत.

चाचणी पार झाली की संगणक, ड्रायव्हर, अडॅप्टर आणि प्रोग्रॅम निर्दोष ठरले. पुन्हा त्यांच्याकडे वळायचं नाही. मात्र ही चाचणी वेगाबद्दल काही सांगत नाही. पाठवणारा आणि घेणारा एकच असल्यामुळे कुठल्याही वेगाला ती पार होते.

## टप्पा ४: केबल

आता केबल लावा आणि तिच्या उपकरणाकडच्या टोकाला तीच लूपबॅक चाचणी करा. इथे अडकलात तर तार तुटलेली आहे किंवा केबलची आतली जोडणी वेगळी आहे.

पार झालात तरी एक प्रश्न उरतो: केबल सरळ आहे की उलटसुलट? लूपबॅकला दोन्ही सारख्याच दिसतात. संगणकाच्या नऊ पिनी पोर्टवर पिन २ ऐकते, पिन ३ बोलते आणि पिन ५ ग्राउंड असते. समोरचं उपकरणही संगणकासारखंच जोडलेलं असेल, तर दोघं एकाच तारेवर बोलतात आणि एकाच तारेवर ऐकत बसतात. तिथे २ आणि ३ अदलाबदल केलेली नल मोडेम केबल लागते. मोडेमसारख्या जोडलेल्या उपकरणाला सरळ केबल लागते. शंका असेल तर मल्टिमीटर पुन्हा काढा: केबलच्या मोकळ्या टोकावर २ आणि ३ पैकी ज्या पिनला ऋण व्होल्टेज येतं, ती संगणकाची बोलणारी तार. तिनं उपकरणाच्या ऐकणाऱ्या पिनवर जायला हवं.

पंचवीस पिनांच्या जुन्या कनेक्टरवर हिशेब उलटा होतो. तिथे पिन २ बोलते, पिन ३ ऐकते आणि ग्राउंड ७ वर असतं.

सावधान: आरजे-४५ आकाराचं कन्सोल पोर्ट हे इथरनेट पोर्ट नाही. खटका बसतो म्हणून नेहमीची नेटवर्क केबल तिथे लावली जाते आणि मग तासभर शांतता. सिस्कोच्या पद्धतीच्या कन्सोलला रोलओव्हर केबल लागते. तिच्या एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला आठवी होते. दोन्ही टोकं शेजारी धरून रंगांचा क्रम बघितला की लगेच कळतं.

## टप्पा ५: वेग आणि अक्षरांची मांडणी

उपकरण लावा, प्रोग्रॅम चालू ठेवा आणि शक्य असेल तर उपकरण बंद करून चालू करा. निवांत बसलेलं उपकरण स्वतःहून काही बोलत नाही. सुरू होताना मात्र बहुतेक उपकरणं भरपूर मजकूर टाकतात. आधी प्रोग्रॅम उघडा, मग वीज द्या. हा क्रम उलटा झाला तर सुरुवातीचा मजकूर निसटतो.

जे दिसेल ते नीट वाचा, कारण कचऱ्यालाही रूप असतं.

सगळीच अक्षरं विचित्र असतील तर वेग चुकला आहे. ९६००, ११५२००, ३८४००, १९२००, ५७६०० या क्रमानं बघा आणि प्रत्येक वेगाला दोन-तीनदा एंटर दाबा. सुरुवातीचा मजकूर कचरा आणि नंतरचा स्वच्छ, किंवा उलटं दिसलं, तर बूटलोडर (मुख्य प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आणि मुख्य प्रणाली वेगवेगळ्या वेगांवर बोलत आहेत. तुम्हाला जिच्याशी काम आहे तिचा वेग ठेवा.

काही अक्षरं बरोबर आणि काही चूक असतील तर वेग बरोबर आहे, पॅरिटी किंवा डेटा बिट चुकले आहेत. उदाहरणार्थ, उपकरण ७ डेटा बिट आणि सम पॅरिटी वापरतं आणि तुम्ही ८ बिट, पॅरिटी नाही असं लावलंय. मग रोमन लिपीतलं ‘ए’ हे मोठं अक्षर ठीक दिसतं, कारण त्याच्या सात बिटांत १ हा अंक दोनदाच येतो. ‘सी’मध्ये तो तीनदा येतो, त्यामुळे पॅरिटीचा बिट चढतो आणि तुमच्या स्क्रीनवर भलतंच चिन्ह उमटतं. ‘ए’, ‘बी’, ‘डी’ बरोबर आणि ‘सी’, ‘ई’, ‘एफ’ चूक असा नमुना दिसला, की वेगाला हात न लावता ७ बिट, सम पॅरिटी करा.

अक्षरं बरोबर आहेत, पण अधूनमधून एखादं बिघडतं, विशेषतः लांब केबलवर, तर ग्राउंडची जोडणी तपासा आणि वेग कमी करून बघा.

एकही अक्षर नाही, कचराही नाही, तर वेगाशी खेळत बसू नका. चुकीच्या वेगाला कचरा दिसतो, शांतता क्वचितच. टप्पा ४ वर परत जा.

खात्री करा: उपकरणाकडून येणारा मजकूर स्वच्छ वाचता येतो.

## टप्पा ६: दिसतं, पण टाइप होत नाही

या लेखातला एकच टप्पा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. बूटचा सगळा मजकूर सुंदर दिसतो, लॉगिनची ओळ येते, आणि तुमचं एकही अक्षर पलीकडे पोचत नाही.

बहुतेक वेळा कारण हार्डवेअर फ्लो कंट्रोल असतं. ते चालू असलं की संगणक ‘तू तयार आहेस का’ हे विचारणाऱ्या तारेवर होकाराची वाट बघतो. तुमच्या तीन तारांच्या केबलमध्ये ती तारच नसते, म्हणून होकार कधी येत नाही आणि अक्षरं संगणकातच अडकतात. मिनिकॉम या लिनक्सवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हे सेटिंग सहसा मुळातच चालू असतं. एका रात्रीच्या कामात माझे दोन तास यात गेले. मी उपकरणाचं पोर्ट खराब धरून बोर्ड बदलायच्या तयारीत होतो, आणि दोष माझ्याच लॅपटॉपवरच्या त्या एका ओळीत होता. तेव्हापासून नवीन सेशन बनवताना फ्लो कंट्रोल आधी ‘काही नाही’ करतो; उपकरणाला हवं असेल तरच चालू करतो.

पुटीमध्ये मुळात सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल असतं. त्याचा त्रास वेगळा. चुकून कंट्रोल-एस दाबलं की स्क्रीन गोठते आणि जोडणी तुटल्यासारखं वाटतं. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं पुढे सरकतं. याच कारणासाठी सिरीयलवरून बायनरी फाइल पाठवताना सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल चालत नाही. फाइलमधलेच काही बाइट थांब आणि चल असे हुकूम समजले जातात.

फ्लो कंट्रोल बंद असूनही टाइप होत नसेल, तर बहुधा बोलणाऱ्या तारेची तेवढी एकच जोडणी तुटलेली असते. ऐकणारी चालते हे तुम्हाला आधीच दिसलं आहे.

लांबलचक कॉन्फिगरेशन एकदम पेस्ट केल्यावर मधली अक्षरं गळतात, हेही याच घरातलं. ९६०० वेगाला एका अक्षरामागे १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं, आणि उपकरणाला प्रत्येक ओळ समजून घ्यायला वर वेळ लागतो. टेरा टर्म या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ओळीनंतर थांबायचा काळ मिलिसेकंदांत देता येतो. तो द्या आणि पेस्ट झाल्यावर कॉन्फिगरेशन परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघा.

## टप्पा ७: अक्षरं बरोबर, पण स्क्रीन विस्कटलेली

इथपर्यंत आलात तर जोडणी ठीक आहे. आता फक्त प्रोग्रॅमची सेटिंग्ज.

प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं: लोकल एको बंद करा. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखालून जिन्यासारखी सुरू होते: उपकरण लाइन फीड (खालच्या ओळीवर जा) पाठवतंय, कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला ये) नाही, पुटीमध्ये प्रत्येक लाइन फीडला कॅरेज रिटर्न गृहीत धरायचा पर्याय आहे. बॅकस्पेस खोडण्याऐवजी चिन्हं उमटवतो: प्रोग्रॅम त्या कळेसाठी १२७ हा कोड पाठवतो आणि उपकरणाला ८ हवा असतो, किंवा उलट, पर्याय बदला. चौकटीच्या रेषांच्या जागी भलती अक्षरं दिसतात: कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे का ते दोन्ही बाजूंना बघा.

एडिटर उघडल्यावर मजकूर स्क्रीनच्या वरच्या भागातच कोंबला जातो, हे सिरीयलवर नेहमीचं. विंडोचा आकार एसएसएच (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) आपोआप कळवतं, सिरीयल तार कळवत नाही, म्हणून पलीकडची लिनक्स प्रणाली सहसा २४ ओळी आणि ८० स्तंभ धरून चालते. ‘एसटीटीवाय’ आदेशानं ओळी आणि स्तंभ स्वतः सांगा.

बायनरी फाइल चुकून स्क्रीनवर ओतली आणि सगळी अक्षरं चमत्कारिक झाली, तर आंधळेपणानं ‘रिसेट’ टाइप करून एंटर दाबा. एंटर लागत नसेल तर कंट्रोल-जे.

## टप्पा ८: नेटवर्कवरून जोडताना

इथे पहिली गोष्ट म्हणजे त्रुटीचा संदेश शब्दशः वाचणं. ‘कनेक्ट होत नाही’ एवढं लिहून मदत मागणाऱ्याला कुणी नेमकं उत्तर देऊ शकत नाही, कारण संदेशागणिक कारण बदलतं.

१. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. ही खरं तर चांगली बातमी आहे. तुमचा निरोप पोचला आणि नकार परत आला. सहसा त्या पोर्टवर (नेटवर्कमध्ये पोर्ट म्हणजे यंत्रावरच्या सेवेचा क्रमांक) सेवा चालू नसते किंवा पोर्टचा क्रमांक चुकलेला असतो. एसएसएच २२ वर, त्याच कामाची जुनी पद्धत टेलनेट २३ वर.

२. ‘टाइम्ड आउट’. निरोपाला उत्तरच नाही. पत्ता चुकलाय, यंत्र बंद आहे किंवा फायरवॉल निरोप गुपचूप गिळतो आहे. पिंगला (यंत्र जागं आहे का विचारणाऱ्या निरोपाला) उत्तर नाही म्हणून यंत्र बंद, असा निष्कर्ष काढू नका. पिंग मुद्दाम अडवलेला असू शकतो. त्या पोर्टचीच चाचणी घ्या, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’नं, लिनक्सवर ‘एनसी’नं. २२ क्रमांकाचा पोर्ट उघडताच सर्व्हर ‘एसएसएच-२.०’नं सुरू होणारी ओळ पाठवतो. पोर्ट उघडतो, पण ही ओळ येत नाही, तर सेवा अडकली आहे किंवा त्या पोर्टवर वेगळंच काही बसलंय.

३. होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी की, बदलल्याचा इशारा. तो बघून जुनी नोंद लगेच पुसून टाकायची सवय घातक आहे. यंत्र नव्यानं उभारलं असेल किंवा तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला दिला असेल तर इशारा येणं साहजिक आहे. पण मधे कुणी तुमची जोडणी पकडली तरी हाच इशारा येतो. आधी यंत्र सांभाळणाऱ्याकडून किंवा थेट कन्सोलवरून कीचं फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) जुळवा, मगच नोंद बदला.

४. ‘जुळणारी पद्धत सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश. जुन्या स्विचवर हमखास येतो. ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्यांनी कमकुवत कूटलेखन पद्धती मुळातच बंद केल्या आहेत. २०२१ च्या ८.८ आवृत्तीनं शा-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या (ओळख पटवायच्या डिजिटल सह्या) मुळात बंद केल्या. जुनी पद्धत चालू करायचीच असेल तर फक्त त्या एका यंत्रासाठी करा, सगळ्यांसाठी नाही. खरा उपाय उपकरणाचं फर्मवेअर वाढवणं.

५. परवानगी नाकारली. नेटवर्क ठीक आहे, दोष नाव, पासवर्ड किंवा कीचा. एसएसएच ‘उणे व्ही’ (-v) लावून चालवा. कुठली की पुढे केली आणि कुठे नकार आला, ते ओळीओळीनं दिसतं.

जोडणी होते, पण काही मिनिटं शांत राहिल्यावर मरते, तर मधलं राउटर किंवा फायरवॉल निष्क्रिय जोडणी विसरून जातं. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवायला अधूनमधून जाणारा निरोप) मुळात ७२०० सेकंदांनी जागं होतं, तोवर उशीर झालेला असतो. पुटीमध्ये कीपअलाइव्हचा काळ ६० सेकंद ठेवा. ओपनएसएसएचमध्ये ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल’ ६० करा. गोठलेलं एसएसएच सेशन सोडायला एंटर, टिल्ड, टिंब या तीन कळा क्रमानं दाबा.

आणि एक फसवा प्रकार. लॉगिन होतं, छोटे आदेश चालतात, पण लांब यादी मागितली की स्क्रीन गोठते. अशा वेळी वाटेत, बहुधा व्हीपीएनमध्ये, मोठी पाकिटं अडतात. पाकिटाचे तुकडे करू नयेत ही खूण लावून १४७२ बाइटचा पिंग पाठवा. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की १५०० होतात. तो जात नसेल आणि १३०० चा जात असेल, तर दोष एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराच्या मर्यादेचा. टर्मिनल प्रोग्रॅम बदलून तो जाणार नाही.

## टप्पा ९: केबल काढण्याआधी

कन्सोलवरून लॉगआउट करा, मगच केबल उपटा. तीन तारांच्या सिरीयल जोडणीत तुम्ही निघून गेलात हे उपकरणाला कळत नाही. सेशन उघडंच राहतं, आणि पुढे जो कुणी केबल लावेल त्याला पासवर्ड न विचारता तुमचे सगळे अधिकार मिळतात. उपकरणावर निष्क्रिय सेशन आपोआप बंद करायची वेळ ठरवता येत असेल तर ती ठरवून ठेवा.

चाललेली सेटिंग्ज उपकरणाच्या नावानं प्रोग्रॅममध्ये जतन करा आणि केबलला चिठ्ठी लावा: सरळ, नल मोडेम की रोलओव्हर. लॉग कुणाला मदतीसाठी पाठवणार असाल, तर आधी स्वतः पूर्ण वाचा. कॉन्फिगरेशन छापताना पासवर्ड आणि कीज त्यात उतरलेल्या असतात.